तबकडीची मागची बाजू

एखाद्या रॉक बँडचे सगळे अल्बम ऐकून संपले, तरी त्यांची काही गाणी मागे उरतात. सिंगल म्हणवणाऱ्या छोट्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला छापलेली, रेडिओसाठी एकदाच वाजवलेली, कच्ची रेकॉर्ड करून कपाटात ठेवलेली अशी ही गाणी कुठल्याच अल्बमवर नसतात. काही वर्षांनी कंपनी किंवा बँड ती गोळा करून संच काढतो. त्याच्या नावात अनेकदा ‘बी-साइड्स’ (मागच्या बाजू) आणि ‘रॅरिटीज’ (दुर्मिळ गाणी) हे शब्द असतात.

वर्ध्याला खेटून असलेल्या आमच्या नालवाडीत बसून आज असे संच फोनवर लागतात. पण अनेकजण ते अल्बमसारखे पहिल्या गाण्यापासून सलग ऐकायला घेतात, चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत कंटाळतात आणि ‘उरलंसुरलं आहे’ म्हणून सोडून देतात. मला हे फार मोठं नुकसान वाटतं. अल्बममध्ये बँडने घेतलेले निर्णय ऐकू येतात, तर या संचांमध्ये ते निर्णय कसे झाले हे ऐकू येतं. त्यासाठी प्रत्येक गाणं कुठून आलं, एवढं मात्र माहीत असावं लागतं.

दुसरी बाजू आली कुठून

सुरुवातीच्या तबकड्यांना दुसरी बाजू नव्हती. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गायसबर्गने गौहर जानचं गाणं रेकॉर्ड केलं, तेव्हा तबकडी एकाच बाजूला कोरली जाई आणि मागचा भाग कोरा असे. १९०४च्या सुमाराला जर्मनीच्या ओडियन कंपनीने दोन्ही बाजूंना आवाज असलेल्या तबकड्या बाजारात आणल्या. पुढे सगळ्याच कंपन्यांनी ती पद्धत उचलली.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत. आपल्या गायकांनी ही मर्यादा आपल्या पद्धतीने वापरली. काही तबकड्यांवर एका बाजूला रागाचा विलंबित भाग आणि दुसऱ्या बाजूला द्रुत असे. नाट्यपदांमध्ये एका बाजूला एक पद आणि पलटी केली की दुसरं. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशींच्या आवाजात घराघरांत गेली, ती अशाच तबकडीवरून. पुढे जोशींनी एचएमव्हीत नोकरी केली आणि मोठमोठ्या गवयांचं रेकॉर्डिंग स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतलं.

वर्ध्याच्या माणसाला जवळची वाटावी अशी एक तबकडी १९३१ची आहे. गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी किंग्जली हॉलमध्ये राहत होते. तिथे कोलंबिया कंपनीने त्यांचा आवाज रेकॉर्ड केला. राजकारणावर बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि ईश्वराविषयीचा आपलाच एक जुना लेख वाचून दाखवला. वाचन सहा मिनिटांच्या आसपास चालतं, म्हणजे एका बाजूला न मावणारं. ऐकणाऱ्याला मध्येच उठून तबकडी उलटवावी लागे. त्यानंतर पाच वर्षांनी गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. विनोबा १९३२ पासून नालवाडीत होतेच.

मागच्या बाजूला काय टाकत

इंग्लंड-अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर छोट्या, सात इंची तबकडीचा जमाना आला. ती मिनिटाला ४५ फेरे घेई. तिलाच सिंगल म्हणतात. जे गाणं खपवायचं, रेडिओवर वाजवून घ्यायचं, ते पुढच्या बाजूला. मागची बाजू कोरी ठेवता येत नव्हती, म्हणून तिथे काहीतरी भरावं लागे.

हे ‘काहीतरी’ ठरवताना पैशाचा हिशेब असे. तबकडी पुढच्या गाण्यामुळे विकली जाई, पण मागच्या गाण्याच्या रचनाकारालाही प्रत्येक विकल्या प्रतीमागे तेवढाच मोबदला मिळे. त्यामुळे मागची जागा आपल्याच माणसाच्या गाण्याला मिळावी म्हणून निर्माते आणि बँडमधले लोक भांडत. फिल स्पेक्टरसारखा निर्माता मुद्दाम वादकांकडून एखादा उडता वाद्यतुकडा वाजवून घेई आणि मागे टाकून देई. रेडिओवाल्याने तबकडी चुकूनही उलटवू नये, हा हेतू.

रेडिओवाले तरीही उलटवत. बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५४ साली मागच्या बाजूला आलं होतं. ग्लोरिया गेनरचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ १९७८ साली ‘सब्स्टिट्यूट’ या गाण्याच्या मागे होतं. आज पुढच्या बाजूची ती गाणी कुणाच्या लक्षातही नाहीत.

बीटल्सने मागच्या बाजूचा दर्जाच वर नेला. ‘पेपरबॅक रायटर’च्या मागचं ‘रेन’ हे १९६६चं गाणं त्यांच्या उत्तम गाण्यांत गणलं जातं, आणि १९६७ साली ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ व ‘पेनी लेन’ ही गाणी त्यांनी एकाच तबकडीच्या दोन पुढच्या बाजू म्हणून काढली. बीटल्सची गाणी भारतातही छापली जात, आणि साठच्या दशकात जगाने सोडून दिलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरही! ती भारतीय तबकडी आज जगभरचे संग्राहक शोधत असतात.

ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणून ओळखली जाणारी मंडळी ऐंशीच्या दशकात पुढे आली. त्यांच्यासाठी मागची बाजू म्हणजे मोकळं रान होतं. अल्बमवर कंपनीची नजर असे. मागच्या बाजूला दुसऱ्या बँडचं आवडतं गाणं, अर्धवट कल्पना, दारूच्या नशेत केलेली गंमत, सगळं खपून जाई. नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये एकच सिंगल दोन वेगवेगळ्या सीडींवर काढायची चाल पडली. चाहत्याने दोन्ही घ्याव्यात म्हणून प्रत्येकीवर वेगळी जादा गाणी. त्या भुकेपायी बँडना गाण्यांचा ढीग लिहावा लागला. त्यात काही रद्दी निघाली आणि काही अप्रतिम गाणी कायमची मागे राहिली.

आपल्यापर्यंत हे का आलं नाही

ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडे कॅसेट हेच मुख्य साधन होतं आणि पाश्चात्त्य संगीत यायचं ते अल्बमच्या कॅसेटच्या रूपात. सिंगल विकण्याची बाजारपेठच इथे नव्हती. १९९१ नंतर एमटीव्ही उपग्रहावरून घरात आला. १९९३ साली अलाहाबादहून अमित सैगल यांचं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघू लागलं. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चा मेळा भरू लागला होता. म्हणजे बँडची नावं कळत होती, चित्रफिती दिसत होत्या, अल्बमही थोडाफार खटाटोप केला की मिळत होते. मागच्या बाजूची गाणी तेवढी मिळत नव्हती.

यामुळे आपल्याकडच्या श्रोत्याचं नातं या संचांशी वेगळं आहे. मँचेस्टरच्या चाहत्याने ती गाणी सुटी-सुटी, निघाली तेव्हा विकत घेतलेली असतात. संच हा त्याच्यासाठी जुन्या आठवणींचा गठ्ठा. आपल्याला मात्र सगळं एकदमच मिळतं, मागचापुढचा संदर्भ नसताना. म्हणून तो संदर्भ आपल्याला हाताने जोडावा लागतो.

एक संच नीट ऐकू: ‘डेड लेटर ऑफिस’

उदाहरण म्हणून मी आर.ई.एम. या बँडचा ‘डेड लेटर ऑफिस’ हा संच घेतो. एप्रिल १९८७मध्ये तो निघाला. हा बँड १९८० साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स या विद्यापीठाच्या गावी जमला. गायक मायकेल स्टाइप, गिटारवर पीटर बक, बेसवर माइक मिल्स, ड्रमवर बिल बेरी. २०११ साली त्यांनी बँड विसर्जित केला.

संच निघाला ती वेळ लक्षात घ्यावी. १९८२चं ‘क्रॉनिक टाउन’ हे छोटं रेकॉर्ड आणि त्यानंतरचे चार अल्बम एवढं काम झालं होतं. त्याच वर्षी पुढे ‘डॉक्युमेंट’ हा अल्बम आला आणि त्यातल्या ‘द वन आय लव्ह’ने त्यांना अमेरिकेच्या पहिल्या दहांत नेलं. हा संच म्हणजे मोठं नाव होण्याच्या अगदी आधी केलेली आवराआवर आहे. बकने बँडच्या आधी रेकॉर्डच्या दुकानात नोकरी केलेली. संचासोबतचं टिपण त्यानेच लिहिलं, आणि हा संच जुन्या बाजारातल्या भंगाराच्या दुकानात हिंडल्यासारखा ऐकावा, अशा अर्थाचं त्यात म्हटलं. ही सूचना मला अक्षरशः पाळावीशी वाटते. दुकानात आपण सगळ्या वस्तू एका ओळीने बघत नाही. एखादी उचलतो, उलटून बघतो, ठेवून देतो.

उचलायची पहिली वस्तू: ‘व्हॉइस ऑफ हॅरॉल्ड’. याच्यासाठी आधी १९८४च्या ‘रेकनिंग’ या अल्बममधलं ‘सेव्हन चायनीज ब्रदर्स’ ऐकावं. समुद्र पिऊन टाकणाऱ्या भावाची चिनी लोककथा सांगणारं १९३८चं मुलांचं एक पुस्तक आहे, त्यावरून ते सुचलं. ते गाणं गाताना स्टाइपचा आवाज निघेना. तो इतका हळू गात होता की काही ऐकूच येत नव्हतं. निर्माता डॉन डिक्सनने स्टुडिओत पडलेली एक जुनी ख्रिस्ती भक्तिगीतांची रेकॉर्ड उचलून त्याच्या हाती दिली. स्टाइपने त्या रेकॉर्डच्या वेष्टनामागचा मजकूर, म्हणजे गायकांची ओळख, स्तुती, नावं-गावं, असा सगळा त्याच चालीवर गाऊन टाकला. मन मोकळं झालं आणि मग मूळ गाणंही साधलं. तो सराव म्हणजे ‘व्हॉइस ऑफ हॅरॉल्ड’.

दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली की एक गोष्ट स्वच्छ कळते. मागचं वाजवणं तेच आहे, चाल तीच, शब्द मात्र रेकॉर्ड विकण्यासाठी कुणीतरी लिहिलेले. तरीही त्यात भाव येतो. काही जागी तर मूळ गाण्यापेक्षा जास्त! स्टाइपच्या सुरुवातीच्या गाण्यांतले शब्द नीट लागत नाहीत, ही जुनी तक्रार आहे. हे एक गाणं ऐकलं की त्या तक्रारीचं उत्तर मिळतं. त्या काळात शब्दांपेक्षा आवाजाने काय होतं, याकडे त्याचं लक्ष होतं. अल्बम शंभरदा ऐकूनही हे इतक्या सरळ कळलं नसतं.

दुसरी जोडी संचातच आहे. ‘बर्निंग डाउन’ आणि ‘एजेस ऑफ यू’. पहिल्या गाण्याचा बँडला कंटाळा आला, तेव्हा त्यातले आवडते तुकडे ठेवून बाकीचं बदललं आणि दुसरं गाणं तयार झालं. दोन्ही जपून ठेवलेली असल्याने आपल्याला कापलेलं आणि जोडलेलं, दोन्ही दिसतं. गाणी लिहिणाऱ्या मुलामुलींनी हे जोडीने ऐकावंच. काय ठेवलं, यापेक्षा काय टाकलं, ते लक्ष देऊन ऐकावं.

तिसरा गट दुसऱ्यांच्या गाण्यांचा. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या बँडची तीन गाणी इथे आहेत: ‘देअर शी गोज अगेन’, ‘पेल ब्लू आइज’ आणि ‘फाम फाताल’. एकाच बँडची तीन गाणी म्हणजे गुरू कोण, हे उघड सांगणंच झालं. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या रेकॉर्ड त्यांच्या काळात फारशा खपल्या नव्हत्या. आर.ई.एम.च्या मागच्या बाजूंमुळे त्या बँडकडे वळलेले श्रोते पुष्कळ. ‘क्रेझी’ हे गाणं पायलॉन या त्यांच्याच गावच्या बँडचं. तिथे कृतज्ञता गाववाल्यांविषयी आहे. आपल्याकडे गायक मैफलीत आपल्या गुरूची बंदिश आवर्जून गातो, त्या भावनेने मी ही चार गाणी ऐकतो.

बाकी काही ठिकाणी फार वेळ घालवू नये. ‘वॉल्टर्स थीम’ ही अथेन्समधल्या एका खाणावळीची जाहिरात करायचा प्रयत्न. तिला जोडूनच रॉजर मिलरचं ‘किंग ऑफ द रोड’ येतं, नशेत वाजवलेलं, सांधे निखळलेलं. ‘व्हाइट टॉर्नेडो’ आणि ‘रोटरी टेन’ ही नुसती वाद्यं. एकदा ऐकली की पुरे. ‘विंडआउट’ १९८४च्या ‘बॅचलर पार्टी’ या सिनेमासाठी दिलेलं. ते दमदार आहे, पण त्या बँडच्या स्वभावात बसत नाही, म्हणूनच अल्बमबाहेर राहिलं असावं.

सीडी काढताना कंपनीने १९८२च्या ‘क्रॉनिक टाउन’ची पाचही गाणी शेवटी जोडली. ती मागच्या बाजूची नाहीत. त्यांना वेगळं काढून स्वतंत्र ऐकावं, कारण ती पाच गाणी मुळात एकत्र विचार करून केलेली आहेत.

आणखी कोणते संच

स्मिथ्सचा ‘हॅटफुल ऑफ हॉलो’ १९८४चा. त्यात बीबीसीच्या रेडिओसाठी वाजवलेली रूपं आहेत आणि ‘हाउ सून इज नाउ’ हे गाणंही, जे त्याच वर्षी आधी एका बारा इंची सिंगलच्या मागे लपलं होतं. पहिल्या अल्बमपेक्षा यातली वाजवणी मला जास्त जिवंत वाटते.

१९९१च्या सप्टेंबरमध्ये निघालेला ‘नेव्हरमाइंड’ गाजल्यावर निर्व्हाना या बँडने डिसेंबर १९९२मध्ये ‘इन्सेस्टिसाइड’ काढला. नव्या श्रोत्यांना आपला खडबडीतपणा कळावा, असं त्यात दिसतं. स्मॅशिंग पम्पकिन्सच्या १९९४च्या ‘पायसिस इस्कॅरिअट’मध्ये ‘स्टार्ला’ हे अकरा मिनिटांचं गाणं आहे, आणि फ्लीटवुड मॅकचं ‘लँडस्लाइड’ही, जे ‘डिसआर्म’च्या सिंगलवर मागे होतं.

ओएसिसची गोष्ट थोडी दुःखाची आहे. ‘वंडरवॉल’च्या मागे १९९५ साली ‘द मास्टरप्लॅन’ टाकलं गेलं, त्याच वर्षी ‘सम माइट से’च्या मागे ‘अक्विएस’. पुढचा अल्बम मात्र फुगलेला निघाला. १९९८ साली अशी चौदा गाणी ‘द मास्टरप्लॅन’ याच नावाने आली, तेव्हा बँडने हाताशी असलेला एक उत्तम अल्बम सुट्या सिंगलांवर खर्च करून टाकल्याचं सगळ्यांना कळलं. हा एक संच मात्र अल्बमसारखा सलग ऐकावा.

क्युअरचा ‘जॉइन द डॉट्स’ २००४चा, चार सीडींचा, १९७८ ते २००१ची गाणी क्रमाने लावलेला. एका बैठकीत उरकायचा नाही. एका आठवड्याला एक सीडी, हे प्रमाण बरं.

फोनवर ऐकताना

फोनवर गाणं मिळतं, पण त्याची हकिगत मिळत नाही. १९८३ साली निघालेलं गाणं १९८७च्या संचात असलं, तर ॲप १९८७ दाखवतं. नव्याने साफ केलेली आवृत्ती असली, तर त्याहून पुढचं साल. कुठल्या सिंगलच्या मागे होतं, कुणी निर्माण केलं, गाणं कुणाचं, हे बहुतेक वेळा दिसतच नाही. संचासोबतचं टिपण तर नसतंच, आणि ‘डेड लेटर ऑफिस’मध्ये ते टिपण अर्धा ऐवज आहे.

म्हणून मी एक साधी पद्धत सुचवतो. संचातल्या गाण्यांची यादी वहीत उतरवावी. प्रत्येकापुढे मूळ साल, पुढच्या बाजूचं गाणं आणि त्या वेळचा अल्बम लिहावा. मग स्वतःची यादी बनवावी: आधी अल्बममधलं ते पुढचं गाणं, लगेच त्याच्या मागचं. ‘फॉल ऑन मी’नंतर ‘रोटरी टेन’. ‘रेडिओ फ्री युरोप’नंतर ‘देअर शी गोज अगेन’. तबकडी उलटवल्याचा क्रम असा परत मिळतो. मग गाणं ‘उरलंसुरलं’ वाटत नाही, शेजारच्या गाण्याला उत्तर देत असल्यासारखं वाटतं.

जपानी आवृत्त्यांकडेही लक्ष ठेवावं. तिथे देशात बनलेली सीडी महाग आणि बाहेरून आलेली स्वस्त असे. गिऱ्हाईक टिकवण्यासाठी जपानी प्रतींवर एक-दोन गाणी जास्त टाकत. अनेक संचांमधली ‘दुर्मिळ’ गाणी त्या वाटेने आलेली असतात.

नवी बी-साइड आता जवळजवळ तयारच होत नाही. गाणी सुटी विकली जाऊ लागली तशी मागच्या बाजूची गरज संपली. २००६ साली नार्ल्स बार्कलीचं ‘क्रेझी’ (पायलॉनच्या गाण्याशी याचा संबंध नाही) इंग्लंडमध्ये केवळ डाउनलोडच्या जोरावर पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या क्षणी त्याला मागची बाजूच नव्हती.

मराठीतला न निघालेला संच

रॉकवाल्यांचं हे जपणं पाहिलं की मला आपल्या गाण्यांची काळजी वाटते. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक असं सुरू झालं आणि ५६ गाण्यांचं झालं. तेव्हा ती गाणी एकट्या सुधीर फडक्यांनी गायली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, मालती पांडे असे अनेक आवाज त्यात होते. घराघरांत पोहोचलेल्या रेकॉर्ड मात्र पुढे फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात निघाल्या. फडक्यांचं गायन थोरच. तरीही तेच गाणं माणिकबाईंच्या गळ्यातून ऐकणं म्हणजे वेगळ्या घरातून तीच कथा ऐकणं आहे. रॉकच्या जगात अशी मूळ रूपं टिपणासह, सालवार, संच म्हणून केव्हाच निघाली असती.

जुन्या तबकड्यांसाठी मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी केली. त्यांनी तबकड्यांची, गायकांची, कंपन्यांची नोंद ठेवण्याचं काम केलं. कॅसेटच्या वाट्याला एवढंही प्रेम आलेलं नाही. विदर्भात तर खरा खजिना कॅसेटवरच आहे. भीमगीतं, खंजेरी भजनं, तुकडोजी महाराजांच्या भजनांची गावोगावच्या मंडळांनी गायलेली रूपं, ही छोट्या कंपन्यांनी काढली, दीक्षाभूमीच्या सोहळ्यात आणि जत्रांमध्ये खपली. त्यातली कितीतरी यूट्यूबवर चढली आहेत, पण गायकाचं नाव नाही, कवीचं नाव नाही, साल नाही. ‘साइड बी’वरच्या शेवटच्या गाण्याचं नाव तर बहुधा चढवणारा स्वतःच ठरवतो.

नालवाडी, सेवाग्राम, पवनार किंवा देवळी, कुणाच्याही घरी अशा कॅसेट असतील तर त्या फेकू नयेत. फीत वाजवून संगणकावर उतरवणं सोपं आहे. त्याआधी डबीतल्या कागदाच्या दोन्ही बाजूंचा स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवावा, त्यावरचा कंपनीचा क्रमांक टिपावा, आणि कोण गातंय हे ओळखणारं घरातलं वडीलधारं माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसून प्रत्येक गाण्यापुढे ते लिहून घ्यावं. साइड ए आणि साइड बी वेगळ्या फाइलमध्ये, मूळ क्रमाने.